टाळूला न चिकटणारं बिस्किट

४ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण जमिनीवर सगळा मैदा सांडलाय. का सांडलाय ते पुढे येईलच.

आईने कळवलंच असेल, मी कॉलेज सोडलं. रसायनशास्त्राच्या सरांशी वाजलं. ते म्हणाले, "समजत नसेल तर बाहेर जा." मी गेलो. ते फक्त वर्गाबाहेर जा म्हणाले होते, हे मला नंतर मित्रांनी सांगितलं. पण एकदा उचललेलं पाऊल मी मागे घेत नाही, तुला माहीतच आहे. आता एका बेकरीत कामाला आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण मी आणलेला पाव खातात.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या बेकरीच्या अब्रूचा प्रश्न आहे.

बेकरीसमोर दातांचा दवाखाना आहे. तिथे एक मुलगी काम करते. रोज सकाळी ती आमच्याकडून साधी गोल बिस्किटं नेते. अगदी मोजकी, पुडा कधीच नाही. आता तूच सांग, नुसतं खायचंच असतं तर माणसाने पुडा नेला नसता का? एवढ्याशा बिस्किटांसाठी कुणी रोज रस्ता ओलांडून येतं का? मी काही म्हणत नाही. मी बेकरीच्या अब्रूबद्दल बोलतोय.

तर आज सकाळी ती म्हणाली, "तुमचं बिस्किट टाळूला चिकटतं हो. पाणी प्यायलं तरी मेणासारखं राहतं. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून आम्हाला चौकातल्या दुकानातून घ्यावं लागेल."

चौकातल्या दुकानात गल्ल्यावर एक मुलगा बसतो. त्याला मिशी आहे. साधी नाही, पीळ दिलेली.

मी तडक आत जाऊन भट्टीकाकांना सांगितलं. भट्टीकाका म्हणजे आमचे मुख्य कारागीर. ते म्हणाले, "मी जन्मभर वनस्पती तुपातच बिस्किटं केली. आजवर कुणाची टाळू गळून पडली नाही." मी टेबलावर मूठ आपटली. टेबलावर मैद्याचा डबा होता, तो खाली आला. काका थोडा वेळ दिसतच नव्हते, नुसता आवाज येत होता.

तू इतकी वर्षं घरच्या ओव्हनवर बिस्किटं करून विकलीस. तुझ्या हातचं खाल्लं नाही असं आपल्या नात्यात कुणी नाही. तर सांग, वनस्पती नको तर काय घालू? बटर, साजूक तूप की तेल? लवकर कळव. महिनाअखेर बघता बघता येईल आणि मिशी दिवसेंदिवस वाढते आहे.

तुझा,
भडक्या


९ मार्च

चि. भडक्या,

आशीर्वाद आहेतच. अक्कल पोस्टाने पाठवता येत नाही, म्हणून सल्ला पाठवते आहे.

बेकरीची अब्रू रस्ता ओलांडून येते, हे वाचून बरं वाटलं. दिसायला कशी आहे ते लिहिलं नाहीस, म्हणजे चांगलीच असणार.

आता कामाचं. मोहन कशासाठी घालतात ते आधी समजून घे. मैद्याला पाणी लागलं की आतले धागे एकमेकांचे हात धरतात आणि पीठ चिवट होतं. पावाला तेच हवं असतं. बिस्किटाला नको असतं. म्हणून पाण्याच्या आधी मोहन चोळायचं. पिठाच्या कणाकणावर त्याचं पांघरूण बसलं की पाण्याला आत शिरता येत नाही. धागे आखूड राहतात आणि बिस्किट खुसखुशीत होतं. मोहन जितकं जास्त, तितकं ते ठिसूळ. फारच झालं तर हातात नुसता भुगा.

तुझे भट्टीकाका वनस्पतीला धरून बसलेत ते मूर्ख म्हणून नव्हे. त्यात पाण्याचा थेंब नसतो, उकाड्यातही ते घट्ट राहतं आणि बिस्किटाचा आकार मोडत नाही. पण ते पुरतं वितळायला तोंडाची ऊब पुरत नाही. मग बाकी सगळं पोटात जातं आणि ते तेवढं टाळूला लिंपून बसतं, निरोप दिला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. बटर तोंडात जाताच विरघळतं आणि मागे स्वाद सोडतं. पण त्याच्या अंगात पाणी असतं आणि जरा ऊब लागली की ते लोळण घेतं. तेल मुळातच पातळ. त्याने बिस्किट रवाळ होतं, पण त्याला आकार धरवत नाही. साजूक तुपाचा स्वाद सुरेख, पण तो दुसऱ्या कुणाचा स्वाद वर येऊ देत नाही. आपल्या थोरल्या वन्संसारखा.

यातलं चांगलं कुठलं, असं मला विचारू नकोस. कशासाठी हवं आहे, ते तिला विचार. ती बिस्किट कोरडं खाते की चहात बुडवून? तिला मऊ आवडतं की कडक? आधी विचार, मग चूल पेटव. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

तुझी,
मावशी


१४ मार्च

ती. मावशी,

विचारायची गरजच पडली नाही. काही गोष्टी डोळ्यांत दिसतात. तिच्या डोळ्यांत मला बटर दिसलं.

म्हणून जेवढी वनस्पती घालत होतो, तेवढंच बटर घातलं. तू म्हणालीच होतीस, एका वेळी एकच गोष्ट बदल. मी एकच बदलली. दुपारची वेळ होती, भट्टी धगधगत होती आणि पीठ हाताला लागत होतं. मी म्हटलं, प्रेमाने मळलेलं पीठ असंच असणार.

ट्रेमध्ये मी छान गोल गोल बिस्किटं मांडली होती. बाहेर आली ती सतरंजी. एक अखंड, चौकोनी, ट्रेच्या काठापर्यंत पसरलेली सतरंजी. कुठलं बिस्किट कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, ते देवालाही सांगता आलं नसतं.

भट्टीकाकांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि म्हणाले, "बस रे हिच्यावर. जेवायला वाढतो."

आणि नेमकी त्याच क्षणी ती काउंटरवर आली. रोज सकाळी येणारी मुलगी त्या दिवशी दुपारी आली! तिने सतरंजी पाहिली, काकांना पाहिलं, मला पाहिलं, आणि हसली. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मावशी, माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "हसायचंच असेल तर चौकात जाऊन हसा."

ती हसायची थांबली. "बरं," म्हणाली आणि गेली. नुसतं 'बरं'. त्यापेक्षा तिने सतरंजी माझ्या डोक्यात घातली असती तरी चाललं असतं. ती खरंच चौकाकडे वळली की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी भट्टीच्या मागे बसलो होतो.

आता काय करू?

तुझा,
भडक्या


१८ मार्च

चि. भडक्या,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलगी हसली म्हणजे प्रसन्न झाली, एवढं कळत नाही? आमच्या ह्यांनी मी केलेला पहिला केक दाराला अडसर म्हणून लावला होता आणि आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो होतो. पुढे आमचं सबंध आयुष्य त्यावर चाललं.

बटरचं सांगते. वनस्पतीच्या जागी तेवढंच बटर घातलंस, म्हणजे तूप कमी पडलं आणि पाणी जास्त झालं. त्यातून भर दुपारी भट्टीशेजारी मळलंस. ते बिचारं ट्रेमध्ये जायच्या आधीच अर्धं वितळलं होतं. बटरचं पीठ मळून थंड करावं लागतं, चांगलं घट्ट होईतो. मग भट्टीत घातलं की वितळायच्या आत कडा भाजून निघतात आणि ते पसरत नाही. गरम डोक्याने आणि गरम हाताने बटरला शिवू नये.

पण हे सगळं नंतर. आधी माफी माग. नीट माग, उपकार केल्यासारखी नको. आणि मी मागच्या पत्रात काय विचारायला सांगितलं होतं ते विचार. मला चहात बुडवलेलं लागतं, तर मी त्या हिशेबाने मोहन घालीन. मी हल्ली सगळंच चहात भिजवून खाते, ते असो. माझं सोड. तिचं बघ.

तुझी,
मावशी


२३ मार्च

ती. मावशी,

संपलं सगळं.

माफी मागितली. मी म्हणालो, "मी ओरडलो ते तुमच्यावर नव्हे, भट्टीवर ओरडलो." ती म्हणाली, "मग भट्टीची माफी मागा." पण हे म्हणताना तिच्या गालाला खळी पडली. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

म्हणून मी जीव ओतून बिस्किटं केली. अर्धं बटर, अर्धी वनस्पती. तूच म्हणाली होतीस ना, मोहन जितकं जास्त तितकं खुसखुशीत? मग मी कशाला हात आखडता घेऊ? घातलं भरपूर. बेकरीच्या फ्रीजमध्ये केक ठासून भरलेले असतात, म्हणून पीठ माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. या वेळी सतरंजी झाली नाही. बिस्किटं अशी झाली की नुसतं बघितलं तरी विरघळतील. भट्टीकाकांनी एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. काका डोळे मिटतात ते एकतर झोपताना, नाहीतर हिशेब चुकल्यावर. मी समजलो, जिंकलो.

ती आली. मी बशीत ठेवून बिस्किट पुढे केलं. तिने ते खाल्लं नाही, मावशी. अंगठा आणि बोट यांच्यात धरलं आणि दाबलं. त्याचं पीठ झालं. माझ्या काळजाचंही. ती म्हणाली, "हे काहीच कामाचं नाही हो. जुनीच द्या. नाहीतर राहू द्या, उद्यापासून बघते मी दुसरीकडे."

काहीच कामाचं नाही! मी जीव ओतला आणि तिने तो चिमटीत धरून चुरडला. आता मला कळलं, जगात जीव लावण्यात अर्थ नाही. मी सरांची माफी मागून परत कॉलेजात जायचं ठरवलं आहे. यावरून माझी मनःस्थिती तुझ्या लक्षात येईल.

तुझ्या चहाचं काय ते नंतर कधीतरी सांग.

तुझा,
न भडकलेला


२६ मार्च

चि. भडक्या,

कार्डच लिहिते आहे, म्हणजे तुला जास्त वाचावं लागणार नाही.

ती म्हणाली 'कामाचं नाही'. 'चांगलं नाही' म्हणाली नाही. कुठल्या कामाचं? एवढंच तिला विचार. तोंड उघड, प्रश्न विचार, तोंड मिट आणि उत्तर ऐक. चारही गोष्टी याच क्रमाने कर.

मावशी


३१ मार्च

ती. मावशी,

विचारलं.

दवाखान्यात गेलो. ती टेबल पुसत होती. मी म्हणालो, "कुठल्या कामाचं नाही?" नमस्कारही करायचा राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातलं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "या आत."

आत भिंतीवर फळ्याच फळ्या आणि त्यांवर प्लॅस्टरचे जबडे. सगळे मला हसत होते. मावशी, तो नुसता दातांचा दवाखाना नाही. तिथले डॉक्टर कवळ्या करतात. आणि नवी कवळी बसवली की माणसाला खुर्चीत बसवून एक कोरडं बिस्किट चावायला देतात. बिस्किट पुढच्या दातांनी कट्कन तुटलं, कवळी जागची हलली नाही, की माणूस घरी. हलली की पुन्हा घासायची. आमची बिस्किटं त्यासाठी जातात. आज ज्यांची कवळी तयार, तितकीच. तिने स्वतः आमचं बिस्किट जन्मात खाल्लेलं नाही!

आणि टाळू? तिची टाळू नव्हेच ती. म्हाताऱ्यांच्या कवळीला ते वनस्पतीचं मेण चिकटायचं, त्यांना वाटायचं कवळीच नीट बसली नाही, आणि डॉक्टर बिचारे चांगल्या कवळ्या घासत बसायचे. माझं ते विरघळणारं बिस्किट तर त्याहून निरुपयोगी. बिनदाताच्या माणसालाही ते तोडता येईल, मग कवळीची परीक्षा कसली!

मी म्हणालो, "हे आधी का नाही सांगितलंत?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही एकदा मला चौकात पाठवलंत आणि एकदा बशी पुढे केलीत."

मग मी विचारत सुटलो. किती कडक हवं? किती जाड? तोंडात किती वेळ राहिलेलं चालेल? ती सांगत गेली. 'कट्' असा आवाज आला पाहिजे, म्हणाली, 'खस्स' नको. आणि मागे काही राहता कामा नये. मी तिथेच उभा राहून तुझी सगळी पत्रं मनात वाचली. मागे राहायला नको म्हणजे बटर. कट् वाजायला हवं म्हणजे मोहन कमी, धाग्यांनी थोडे हात धरलेलेच बरे. आणि बटरच्या अंगातलं पाणी, ज्याला मी शिव्या घातल्या, ते त्या कामी येणार. मी हे मोठ्याने बोललो. ती म्हणाली, "आणि थंड कुठे करणार? तुमच्या फ्रीजमध्ये तर केक असतात." मग स्वतःच म्हणाली, "आमच्याकडे ठेवा. औषधांच्या खालचा कप्पा रिकामा आहे."

भट्टीकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आधी बोलायचंस की, कवळीसाठी आहे म्हणून! मी काय ज्योतिषी आहे?" त्यांनीच पीठ पातळ लाटून दिलं आणि भाजून झाल्यावर आच काढून ट्रे तसाच आत ठेवायला लावला, म्हणजे उरलीसुरली ओल जाते. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "सोड, मैदा लागतोय."

आज सकाळी एक आजोबा नव्या कवळीने चावले. कट्! रस्त्याच्या या बाजूला ऐकू आलं, असं मी म्हणणार होतो, पण मी त्या बाजूलाच उभा होतो. त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. डॉक्टर म्हणाले, बिस्किटं इथूनच येतील. मिशीवाला मिशीला पीळ देत बसू दे.

आता खरी गोष्ट. मी तिला सांगितलं की यातली अक्कल माझी नाही, माझ्या मावशीची आहे. तिने विचारलं, "त्या स्वतः कुठलं बिस्किट खातात?" मी म्हणालो, "ती तर सगळं चहात भिजवून खाते."

तिचा चेहरा एकदम कामावरचा झाला. "सगळं? कधीपासून? कवळी आहे का त्यांना? बसत नसेल ती."

मावशी, मी घरी येऊन तुझी पत्रं पुन्हा काढली. तू चहाचं लिहिलंस आणि लगेच 'माझं सोड' म्हणालीस, आणि मी 'नंतर कधीतरी सांग' म्हणालो. तू मला पत्रामागून पत्रात एकच गोष्ट शिकवलीस, की आधी विचार. आणि तुलाच काही विचारलं नाही.

म्हणून आता विचारतो. तोंड उघडतो, प्रश्न विचारतो, तोंड मिटतो.

मावशी, तुझे दात कुठे आहेत?

तुझा,
भडक्या


५ एप्रिल

चि. भडक्या,

कपाटात आहेत. वरच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. आयुष्यभर त्या डब्याने माझी बिस्किटं सांभाळली, आता दात सांभाळतो. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, माझ्याकडे दातही आहेत, पण तोंडाबाहेर.

इथल्या एकाने कवळी करून दिली होती. ती तोंडात अशी नाचते की मी 'या, बसा' म्हटलं तर पाहुणा घाबरून उठतो. मग काढून ठेवली. कुणाला सांगणार? ज्या बाईची बिस्किटं सगळ्या नात्यात वाखाणली गेली, तिला स्वतःचं बिस्किट कोरडं खाता येत नाही, हे काय पत्रात लिहायचं असतं? तुझ्या पत्रातली ती विरघळणारी बिस्किटं वाचून मात्र तोंडाला पाणी सुटलं होतं. तू ती निरुपयोगी म्हणालास. मला पाठवायची होतीस.

बरं, पुढच्या आठवड्यात येते. तुझ्या आईला सांग, माझं अंथरूण खिडकीशी घाल. आणि बाबांना सांग, मी आले की ते तुझ्याशी बोलायला लागणार आहेत. त्यांना अजून माहीत नाही.

तुझी,
मावशी


१९ एप्रिल

चि. भडक्या,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईशी सबंध रस्ताभर बोलत होते. कवळी एकदाही नाचली नाही. ती बाई शेवटी झोपली.

समोरासमोर तुला बोलले नाही, कारण तू ऐकण्याच्या स्थितीत नव्हतास, म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी कवळी घासली, बसवली, आणि त्या मुलीने तुझं बिस्किट माझ्या हातात दिलं. तू दारात उभा होतास, हात मैद्याने पांढरे, श्वास रोखलेला. परीक्षा माझ्या कवळीची होती की तुझी, तेच कळेना. मी चावले. कट्. किती वर्षांनी तो आवाज माझ्या स्वतःच्या तोंडातून आला रे. टाळूला काही राहिलं नाही. मग उरलेलं अर्धंही खाल्लं, चहाशिवाय.

एक सांगते. खुर्चीत बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. मी चावले तेव्हा डॉक्टर माझ्या कवळीकडे बघत होते. ती बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

निघताना ती मला बसपर्यंत सोडायला आली. तू पिशवी घेऊन पुढे रिक्षावाल्याशी भांडत होतास. तिने हळूच विचारलं, "हे नेहमी असेच तापतात का हो?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "थोडं थंड करून घेतलं तर कडा छान येतात. आणि पसरतही नाही."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "आमच्याकडे फ्रीज आहे."

तुझी,
मावशी